पाच मिलिलिटर हवा कुठे जाते

नऊशे ग्रॅमचं बाळ व्हेंटिलेटरवर असतं, तेव्हा एका श्वासाला त्याच्या फुप्फुसात साधारण साडेचार ते पाच मिलिलिटर हवा जाते. ती गेली की नाही, हे मशीन दर श्वासाला पडद्यावर दाखवतं. हातापायाला लावलेल्या सेन्सरवरून सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, कळतं, रक्ताच्या तपासणीतून कार्बन डायऑक्साइड कळतो. एवढं सगळं समोर असूनही एक गोष्ट कळत नाही: ती पाच मिलिलिटर हवा फुप्फुसाच्या कोणत्या भागात गेली आणि कोणत्या भागात पोचलीच नाही.

शेताला पाटानं पाणी देताना किती पाणी सोडलं ते सहज मोजता येतं, पण तोंडाशी असलेले वाफे तुंबले आणि टोकाचे कोरडे राहिले, हे त्या आकड्यावरून समजत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात हेच घडतं. हवेच्या बारीक पिशव्यांना, म्हणजे वायुकोशांना, उघडं ठेवणारं सर्फॅक्टंट कमी असल्यामुळे काही वायुकोश मिटून राहतात. उघड्या असलेल्या वायुकोशांना त्यांच्या वाट्याचीही हवा घ्यावी लागते आणि ते ताणले जातात. सरासरी उत्तम दिसते, इजा मात्र दोन्हीकडे होते: मिटलेले कोश उघडताना आणि मिटताना घासले जातात, उघडे फुगून फाटतात. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवर राहिलेल्या बाळांच्या फुप्फुसांचा एक नवा आजार नोंदवला. त्याला आज आम्ही बीपीडी (ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया) म्हणतो. तेव्हापासून व्हेंटिलेटर खूप सुधारले, पण बीपीडी गेलेला नाही. हवेचं हे असमान वाटप त्यामागच्या कारणांपैकी एक आहे.

पुण्यात नवजात अतिदक्षता विभागात काही वर्षं काम केल्यावर मी संशोधनाच्या फेलोशिपसाठी ऑस्ट्रेलियात, पर्थला गेले. ज्या गटात मला जागा मिळाली, तो नेमकं हेच मोजत होता: व्हेंटिलेटरवरच्या नवजात बाळांच्या फुप्फुसातली हवेची विषमता. हे माप प्रत्यक्षात घ्यायला काय काय लागतं, आणि घेतलेल्या मापावर कधी विश्वास ठेवायचा, हे मी तिथे शिकले. नवजात विभागात काम करणाऱ्यांना आणि ज्यांची बाळं तिथे राहिली आहेत अशा आईबाबांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

पद्धतीला वॉशआउट म्हणतात आणि तिची मूळ कल्पना जुनी आहे. आपल्या फुप्फुसात नायट्रोजन भरलेला असतो. माणसाला शुद्ध ऑक्सिजन दिला की श्वासागणिक नायट्रोजन धुऊन निघतो. हवा सगळीकडे सारखी खेळत असेल तर तो भराभर संपतो. काही भाग मंद असतील तर तिथला नायट्रोजन रेंगाळतो आणि शेवटपर्यंत थोडाथोडा येत राहतो. न्यूयॉर्कमध्ये डार्लिंग, कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी १९४० साली यावर पायाभूत काम केलं. १९५२ साली मार्गारेट बेकलेक या दक्षिण आफ्रिकी डॉक्टर बाईंनी त्यातून एक साधा आकडा काढला, लंग क्लिअरन्स इंडेक्स, म्हणजे एलसीआय. खाणकामगारांच्या फुप्फुसांवर आयुष्यभर काम केलेल्या या बाईंचा आकडा आज एक किलोच्या बाळासाठी वापरला जातो, याचं मला तिथे असताना रोज अप्रूप वाटायचं.

नवजात बाळाला मात्र नायट्रोजनची पद्धत लावता येत नाही, कारण त्यासाठी शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा लागतो. जास्त ऑक्सिजनमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी जाते, ही शंका १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी मांडली आणि पुढे ती खरी ठरली. शिवाय शुद्ध ऑक्सिजन रक्तात पटकन शोषला जातो, त्यामुळे अर्धवट मिटलेले कोश पूर्ण मिटतात. मोजायच्या नादात जे मोजायचं तेच बिघडतं. म्हणून एक परका वायू वापरतात, सल्फर हेक्झाफ्लोराइड. तो शरीरात कशाशी संयोग पावत नाही, रक्तात जवळजवळ विरघळत नाही आणि हवेच्या पाचपट जड असतो. हवेचा मोलर मास २९ च्या आसपास, याचा १४६. श्वासाच्या हवेत तो चार टक्के मिसळायचा, फुप्फुसात सगळीकडे सारखा भरला की एकदम बंद करायचा, आणि मग तो बाहेर कसा येतो ते पाहायचं. सुरुवातीच्या चाळिसाव्या हिश्श्यापर्यंत उतरला की मोजणी संपली.

या एका मोजणीतून दोन गोष्टी मिळतात. एकूण किती वायू बाहेर आला, त्यावरून श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा कळते. तिला आम्ही एफआरसी म्हणतो. आणि तो वायू धुऊन काढायला एफआरसीच्या कितीपट हवा आत-बाहेर करावी लागली, तो एलसीआय. निरोगी फुप्फुसात हा आकडा सहा-सातच्या घरात असतो. विषमता वाढली की तो चढतो. नऊशे ग्रॅमच्या बाळाची एफआरसी अठरा मिलिलिटर आणि एलसीआय आठ धरला, तर एकशे चव्वेचाळीस मिलिलिटर हवा लागते. पाच मिलिलिटरच्या श्वासानं ते सुमारे तीस श्वास होतात. मिनिटाला पन्नास श्वासांच्या वेगानं अर्ध्या मिनिटाच्या वर थोडंसं. अख्खी मोजणी एवढीच. पण त्या अर्ध्या मिनिटाच्या मागे तयारीचे तास असतात.

सुरुवातीचे कित्येक आठवडे मी बाळाजवळ गेलेच नाही. माझ्यासमोर होतं एक फुप्फुसाचं मॉडेल, मोजून घेतलेल्या आकारमानाचं, आणि एक कॅलिब्रेशन सिरिंज. मॉडेलची एफआरसी आधीच माहीत असते. यंत्रानं तीच सांगितली पाहिजे. सेन्सर अल्ट्रासॉनिक असतो: ध्वनिलहरी वायूच्या प्रवाहातून तिरप्या, दोन्ही दिशांनी सोडतात. प्रवाहाबरोबर जाणारी लहर लवकर पोचते, विरुद्ध जाणारी उशिरा. त्या फरकातून प्रवाहाचा वेग निघतो आणि दोन्ही वेळांवरून वायूचा मोलर मास. ऐकायला किती सुबक वाटतं. पण मोलर मास फक्त सल्फर हेक्झाफ्लोराइडनं बदलत नाही. बाळाच्या उच्छ्वासात वाफ असते, ती हवेपेक्षा हलकी. कार्बन डायऑक्साइड असतो, तो हवेपेक्षा जड. तापमान बदललं की ध्वनीचा वेग बदलतो. या सगळ्याची वजाबाकी नीट झाली तरच उरतो तो आपला वायू.

यातला एक हिशेब मी वहीत पुन्हा पुन्हा केला. चार टक्के सल्फर हेक्झाफ्लोराइडमुळे मोलर मास सुमारे ४.७ नं वाढतो. मोजणी संपते तेव्हा वायू उरलेला असतो ०.१ टक्का, म्हणजे वाढ फक्त ०.१२ च्या आसपास. आता समजा, मोजणी चालू असताना बाळाचा ऑक्सिजन २८ टक्क्यांवरून ३० वर केला. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा किंचित जड, त्यामुळे मोलर मास ०.०८ नं वाढला. म्हणजे ऑक्सिजनच्या दोन टक्क्यांच्या फरकानं मोजणीच्या शेपटाएवढाच गोंधळ झाला. म्हणून परक्या वायूच्या सिलिंडरमधलं मिश्रण आणि बाळाला मिळणारी नेहमीची हवा, दोन्हींत ऑक्सिजन तंतोतंत सारखा लागतो. आणि मोजणी चालू असताना बाळाला खरोखरच जास्त ऑक्सिजनची गरज पडली, तर मोजणी थांबवायची, ऑक्सिजन वाढवायचा. याबाबत तिथे कोणी दुसरा विचारही करत नसे, आणि ते मला फार आवडलं.

व्हेंटिलेटरचीही एक बाजू असते. आमच्या व्हेंटिलेटरचा स्वतःचा सेन्सर तापलेल्या तारेवर चालायचा. वायूचा प्रवाह तारेला किती गार करतो, त्यावरून तो आकारमान ठरवतो. जड वायू मिसळला की त्याचा अंदाज चुकतो. आता बहुतेक बाळं व्हॉल्यूम गॅरंटीवर असतात, म्हणजे मशीन मोजलेल्या आकारमानाप्रमाणे स्वतःच दाब कमी-जास्त करतं. चुकीच्या वाचनावरून ते दाब बदलू लागलं तर आपण काय मोजतो आहोत ते आपल्यालाच कळणार नाही. म्हणून तेवढ्या वेळापुरतं बाळाला ठरावीक दाबावर ठेवायचं, आणि हे ठरवायचं ते त्या पाळीच्या डॉक्टरांनी, संशोधन करणाऱ्यांनी नाही. ही रेघ तिथे अगदी ठळक होती.

मॉडेलवर हात बसल्यावर मला आईबाबांची संमती घ्यायला पाठवू लागले. पर्थमध्ये मराठी माणसं बरीच आहेत. एकदा सव्विसाव्या आठवड्यात झालेल्या एका मुलाची आई आडनाव वाचून थेट मराठीतच बोलायला लागली.

"मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"गडहिंग्लजची."

"अगंबाई, आम्ही मिरजेचे." मग तिचा चेहरा बदलला. "खरं सांगा, या गॅसनं त्याला काही होणार नाही ना?"

मी सांगितलं ते असं: "गॅस अंगात मुरत नाही. श्वासाबरोबर आत जातो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. पण श्वासाच्या ट्यूबच्या तोंडाशी आम्ही एक सेन्सर लावतो. त्यानं वापरलेली हवा थोडी आत अडकते, म्हणून तो काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही आणि तेवढ्यात कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतो. आणि यातून आज तुमच्या बाळाला फायदा होईल असं मी म्हणणार नाही. हा अभ्यास आहे, उपयोग झालाच तर पुढच्या बाळांना होईल."

वडील शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "नाही म्हटलं तर?"

"तर काहीही बदलणार नाही. त्याची काळजी जशी चालली आहे तशीच चालेल. नाही का म्हणालात, असं कोणी विचारणारही नाही."

त्यांनी एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी आईनं होकार दिला, पण एक अट घातली: "दुपारी मी त्याला छातीशी घेते, ती वेळ घालवायची नाही." आम्ही मोजणी संध्याकाळी ठेवली. खरं तर कुणी सांगावं लागू नये अशी ही अट आहे. तेव्हापासून संमतीच्या वेळी मी पहिला प्रश्न हाच विचारू लागले, की तुम्ही बाळाला कधी जवळ घेता?

सेन्सरमुळे अडकणाऱ्या हवेबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण मोठ्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनाही हे पटकन लक्षात येत नाही. सेन्सरच्या पोकळीत एक-दीड मिलिलिटर वायू मावतो. मोठ्या माणसाच्या पाचशे मिलिलिटरच्या श्वासात तो कुठेच दिसणार नाही. पाच मिलिलिटरच्या श्वासात तो चौथा हिस्सा आहे! त्याचे दोन परिणाम होतात. एक, बाळाला त्रास होऊ शकतो, म्हणून वेळेचं बंधन. दुसरा आकड्यावर होतो. एलसीआयमध्ये एकूण आत-बाहेर झालेली हवा मोजली जाते. श्वासनलिका, ट्यूब, सेन्सर यांत नुसती ये-जा करणारी हवा त्यात धरली जाते. श्वास जितका उथळ आणि भरभर, तितका हा फुकटचा भाग मोठा, आणि एलसीआय वाढलेला दिसतो, फुप्फुसात विषमता असो वा नसो. म्हणून दोन बाळांचे एलसीआय तुलनेला घेताना दोघांचे श्वास किती खोल होते ते शेजारी लिहिलेलं नसेल, तर ती तुलना मी मानत नाही. काही प्रबंधांत नुसता एलसीआयचा तक्ता असतो. तो वाचून माझ्या हाती काही लागत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. बाळ झोपेत हवं, नुकतंच सक्शन, म्हणजे ट्यूबमधला स्राव ओढून काढणं, झालेलं नको, दूध पाजून थोडा वेळ गेलेला हवा. सिस्टर बाळाच्या डोक्याशी, मी सेन्सरशी, तिसरी व्यक्ती लॅपटॉपशी. इन्क्युबेटरची खिडकी उघडली की आतली ऊब जाते, म्हणून हात आत घालून बाहीसकट झाकून घ्यायचे. सेन्सर आधीच कोमट केलेला असतो. वाय-पीस, म्हणजे व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या जुळतात तो तुकडा, आणि ट्यूब यांच्या मध्ये तो बसवायचा, हे काम दोन श्वासांच्या मधल्या फटीत व्हायला हवं. ट्यूब जराही ओढली जाता कामा नये. अडीच मिलिमीटरची ती ट्यूब, बाळाच्या ओठाशी चिकटपट्टीनं धरलेली. अर्धा सेंटिमीटर खाली सरकली तर उजव्या फुप्फुसाच्या नळीत, वर सरकली तर बाहेर. सिस्टरच्या दोन बोटांवर सगळं अवलंबून असतं. त्या विभागातल्या सिस्टर ज्या शांतपणे ती ट्यूब धरायच्या, तसे हात मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहेत.

मग वायू चालू. पडद्यावर मोलर मासचा आलेख दर श्वासाला एक पायरी चढत जातो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतलं प्रमाण सारखं झालं की फुप्फुस भरलं. श्वास बाहेर टाकत असतानाच वायू तोडायचा, मध्येच नाही. आणि आलेख उतरू लागतो. आधी मोठ्या पायऱ्या, मग लहान, मग दिसतील न दिसतील अशा. या शेवटच्या बारीक पायऱ्यांमध्ये फुप्फुसाचे मंद कोपरे बोलतात. बाळानं तेव्हा हात हलवला, उसासा टाकला, उचकी दिली, की संपलं.

आणि सगळ्यात जास्त मोजण्या वाया घालवते ती लीक. नवजात बाळाची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून तिथे सहसा कफ, म्हणजे फुगून बाजूची जागा बंद करणारा फुगा, नसलेली ट्यूब घालतात. ट्यूबच्या बाजूनं हवा निसटते. व्हेंटिलेटर किती टक्के निसटली ते दाखवतो, आणि रोजच्या उपचारांत वीस-तीस टक्के लीक आम्ही चालवून घेतो. वॉशआउटमध्ये ती चालत नाही. हवेबरोबर परका वायूही निसटतो, सेन्सरला तो दिसतच नाही, हिशेब तुटतो आणि एफआरसी खोटी येते. डोकं थोडं वळवलं की काही बाळांची लीक कमी होते, काहींची काहीही केलं तरी होत नाही. अशा बाळांची मोजणी सोडून द्यावी लागते. वाईट याचंच वाटतं, की ट्यूबभोवती जास्त जागा असलेली बाळंही आजारीच असतात, त्यांचीही माहिती हवी असते, आणि तीच गाळली जाते. या क्षेत्रातले निष्कर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं: आकडे मिळाले ते ज्यांची लीक कमी होती त्यांचे.

युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटी यांनी २०१३ साली वॉशआउटचे नियम एकत्र मांडले. मोजणी एकदा करून भागत नाही, पुन्हा करून आकडे एकमेकांशी जुळताहेत का ते पाहायचं. मोठ्या मुलांकडून आणि प्रौढांकडून ते करून घेता येतं. ट्यूबवरच्या बाळात दुसऱ्या मोजणीच्या आधी पहिला वायू पूर्ण निघून जायला हवा, बाळ झोपेत राहायला हवं आणि सेन्सरची वेळ संपलेली नको. तिन्ही जुळण्याची वाट पाहत कितीतरी संध्याकाळी काहीच हाती न लागता गेल्या. मला त्या वाया गेल्याचं वाटत नाही. त्या वेळी मी बाळाच्या छातीकडे इतकं निरखून पाहिलं, की डावीकडची हालचाल उजवीकडच्यापेक्षा कमी आहे हे यंत्राआधी दिसू लागलं.

यातूनच मला या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा नीट कळली. एका बाळाची मोजणी अगदी स्वच्छ झाली. लीक जवळजवळ शून्य, दोन्ही वेळचे आकडे जुळलेले, एलसीआय बऱ्यापैकी. म्हणजे हवा सारखी वाटली जाते आहे, असं कागद सांगत होता. एफआरसी मात्र वजनाच्या मानानं फारच कमी होती. क्ष-किरण फोटोत डावं फुप्फुस पांढरं, ट्यूबचं टोक खाली. वायू डाव्या बाजूला गेलाच नव्हता. जिथे गेला नाही तिथून तो बाहेर येणार कसा? उघड्या राहिलेल्या उजव्या फुप्फुसापुरता वॉशआउट छानच दिसणार. पूर्ण मिटलेला भाग या मोजणीला दिसत नाही. म्हणून एलसीआय बरा आला तर आधी एफआरसीकडे पाहायचं, ही सवय तेव्हापासून लागली.

ती बाजू पाहण्यासाठी आमच्याकडे दुसरं साधन होतं, ईआयटी (इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी). १९८० च्या दशकात शेफील्डमध्ये डेव्हिड बार्बर आणि ब्रायन ब्राउन यांनी त्याची सुरुवात केली. छातीभोवती इलेक्ट्रोडचा पट्टा, त्यातून बाळाला जाणवणारही नाही इतका सूक्ष्म विद्युतप्रवाह. हवा आत गेली की ऊतींचा विद्युतरोध वाढतो, गेली नाही तिथे वाढत नाही. त्यातून छातीच्या आडव्या छेदाचं चित्र बनतं, सेकंदाला कितीतरी वेळा. गॅस नाही, ट्यूबला हात नाही, हवा अडकवणारी जास्तीची पोकळी नाही, लीकनं गणित मोडत नाही, आणि तासन् तास पाहता येतं. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या बाळाची कातडी चिकटपट्टीसोबत निघून येते, म्हणून पट्टा न चिकटणारा, कापडी, स्तनाग्रांच्या रेषेत बांधायचा असतो.

त्या बाळाला पट्टा बांधला तेव्हा चित्राची डावी बाजू काळी होती. डॉक्टरांनी ट्यूब थोडी वर घेतली. काही मिनिटांत डावीकडे मागच्या अंगाला एक फिकट निळा ठिपका उमटला आणि तासाभरात पसरला. पुढच्या मोजणीत एफआरसी वाढलेली होती आणि एलसीआयही वाढलेला होता. आता बाळ बरं होत असताना आकडा वाईट का? कारण नुकताच उघडलेला भाग अजून मंद होता आणि मोजणीत पहिल्यांदाच धरला गेला होता. दोन्ही साधनं शेजारी नसती तर आम्ही त्या आकड्याचा उलटा अर्थ लावला असता.

ईआयटीलाही मर्यादा आहेत. ते फक्त पट्ट्याजवळचा एक जाड छेद पाहतं. पट्टा खाली सरकला की पोट दिसतं. हृदयाचे ठोके चित्रात मिसळतात. आणि काळा भाग दोन प्रकारचा असू शकतो: मिटलेला, किंवा इतका फुगलेला की दर श्वासाला त्यात काही बदलच होत नाही. एकाला दाब वाढवून हवा, दुसऱ्याला कमी करून. चित्र पाहून कोणता आहे ते ठरवायचं तर पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, थोडा बदलून चित्र कुठे सरकतं ते पाहावं लागतं.

बाळ कुशीवर, उताणं की पालथं, यानंही हे वाटप बदलतं. मोठ्या माणसाचं एक फुप्फुस आजारी असेल तर चांगलं फुप्फुस खाली ठेवतात. १९८३ साली लंडनच्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांत याच्या उलट दाखवलं: चांगलं फुप्फुस वर असताना ऑक्सिजन अधिक चांगला राहिला. मोठ्यांचे नियम बाळांना तसेच लावू नयेत हे त्यातून पक्कं झालं. मात्र पुढे ईआयटीनं पाहिल्यावर प्रत्येक बाळ ते चित्र पाळतंच असं दिसलं नाही. आमच्या बाळांतही कुशीवर वळवल्यावर दोघांची चित्रं दोन दिशांना गेलेली मी पाहिली. म्हणून मी कोणत्याही स्थितीचा सरसकट नियम सांगत नाही. वळवा, आणि त्या बाळाचं काय होतं ते पाहा.

सल्फर हेक्झाफ्लोराइडबद्दल एक गोष्ट जाता जाता. पृथ्वीचं वातावरण तापवण्याच्या बाबतीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक जोरकस आहे, हवामानबदलाच्या क्योटो कराराच्या यादीत त्याचं नाव आहे. एका बाळासाठी लागतो तो अगदी थोडा, तरी उरलेल्या वायूची व्यवस्था आणि सिलिंडरचा हिशेब ठेवावाच लागतो. या क्षेत्रात दुसरे वायू शोधण्यामागचं हेही एक कारण.

आता मी परत आले आहे आणि कोल्हापुरात काम करते. इथे ना अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे, ना पट्टा. तरी जे शिकले ते रोज वापरते. चार्टवर टायडल व्हॉल्यूमसोबत, म्हणजे एका श्वासाच्या हवेसोबत, लीकची टक्केवारी आणि बाळाची स्थिती लिहायला लावते, कारण त्या दोन नोंदींशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ नाही. सॅच्युरेशन अचानक पडलं तर ऑक्सिजन वाढवतानाच ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहायचं. फुप्फुसांची सोनोग्राफी आम्ही आता सर्रास करतो. मागच्या बाजूचा मिटलेला भाग तिच्यात चांगला दिसतो, रेडिएशन नाही, आणि मशीन बहुतेक विभागांत आधीच असतं. पीप बदलला की अर्ध्या तासानं पुन्हा त्याच जागी प्रोब ठेवून पाहायचं, आणि दिसलं ते दिनांक-वेळेसह लिहून ठेवायचं. निवासी डॉक्टरांना मी हे शिकवते तेव्हा ते विचारतात, की मॅडम, सॅच्युरेशन ९२ आहे, रक्ताचा गॅस रिपोर्ट चांगला आहे, मग सोनोग्राफी कशाला? मी त्यांना बाळाची छाती उघडी करून दोन मिनिटं नुसती पाहायला सांगते. आधी डावी, मग उजवी. मग प्रोब त्यांच्या हातात देते.